पाण्याखालचे गाव आणि आपली कादंबरी

पारतंत्र्य गेल्यावर आपण कोण, हा प्रश्न मराठी कादंबरीने कोठे विचारला, असे कोणी पुसले की टीकाकार ‘कोसला’कडे (१९६३) बोट दाखवतात. ते योग्यच आहे. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो आणि धड गावचा राहत नाही, धड शहराचाही होत नाही. परंतु त्याला परत जायला सांगवी आहे, वडिलांचे घर आहे. मी मुळशीतला शाळामास्तर. इथे कित्येकांचे परत जायचे गावच पाण्याखाली आहे.

टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. जमिनी घेतल्या त्या इंग्रज सरकारने. इंग्रज गेला, त्याचा १८९४ चा भूसंपादन कायदा मात्र २०१३ साली नवा कायदा होईपर्यंत आपणच चालवला. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) मला म्हणूनच मोठी वाटते. तीत गाव उठवणारे परके नाहीत, मराठीच बोलणारे आहेत. आणि उठलेल्या माणसाला ‘धरणग्रस्त’ एवढीच कचेरीने दिलेली ओळख उरते. तपशिलाच्या भाराने ती मधूनच रेंगाळते, हा दोष मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते.

मीही कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत धरण येते ते चांदण्यात चमकणारे पाणी म्हणून. वर्गात गाव विचारले की एखादा मुलगा दोन नावे सांगतो, पणजोबांचे बुडालेले आणि आताचे. तेव्हा माझ्या त्या वर्णनांची मला लाज वाटते. त्या मुलाची कादंबरी मला अजून लिहिता आलेली नाही.