मठातील शोधक आणि राजाचा न्याय

रहस्यकथा हा फावल्या वेळचा विरंगुळा, असे मानून सुजाण वाचक तिच्याकडे सहसा पाठ फिरवितो. आम्हीही बरीच वर्षे तसेच करीत आलो. एलिस पीटर्स या लेखिकेच्या ब्रदर कॅडफेलविषयक कादंबऱ्या वाचून मात्र आम्हांस आपले मत तपासून पाहावे लागले. लेखिकेचे खरे नाव एडिथ पार्जिटर (१९१३–१९९५). १९७७ ते १९९४ या काळात तिने या मालेतील वीस कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचे मुख्य स्थळ इंग्लंड व वेल्स यांच्या सीमेवरील श्रूजबरी येथील बेनेडिक्टी मठ, आणि काळ बाराव्या शतकातील. राजा स्टीफन व सम्राज्ञी मॉड ही आतेमामे भावंडे तेव्हा सिंहासनासाठी झुंजत होती.

कॅडफेल हा जातीने वेल्श. तरुणपणी तो धर्मयुद्धात लढला, समुद्रावर हिंडला आणि उतारवयात मठात येऊन औषधी वनस्पतींच्या बागेत रमला. पुष्कळजण त्यास धर्मोपदेशक समजतात; वस्तुतः तो दीक्षा घेतलेला साधा मठवासी आहे. पापाची कबुली ऐकून क्षमा देण्याचा अधिकार त्यास नाही. हा भेद वाचकाने ध्यानी ठेवावा, कारण आमचा पुढील आक्षेप त्यावरच उभा आहे.

१९७९ सालच्या ‘वन कॉर्प्स टू मेनी’ या कादंबरीत हेरगिरीचा भाग विशेष आहे. १९३८ च्या आठशे वर्षे आधी, म्हणजे ११३८ साली, स्टीफनने श्रूजबरीचा किल्ला घेऊन आतील शिबंदीस फासावर चढविले, हा इतिहास आहे. कादंबरीत त्या प्रेतांची संख्या चौऱ्याण्णव सांगितली जाते. अंत्यसंस्कारास गेलेला कॅडफेल ती मोजतो, तो पंचाण्णव भरतात. राजाच्या क्रौर्याआड कोणीतरी आपला खून दडविला आहे! इकडे सम्राज्ञीच्या पक्षाचा खजिना शहराबाहेर काढण्याची खटपट चालू असते, आणि ह्यू बेरिंगर नावाचा तरुण सरदार कॅडफेलवर पाळत ठेवतो. कॅडफेलला ही पाळत कळते व तो तिचाच उपयोग करून घेतो. या परस्परवंचनेतून अखेर दोघांत मैत्री जुळते, हे लेखिकेने मोठ्या संयमाने दाखविले आहे. खुन्याचा निवाडा मात्र द्वंद्वयुद्धाने होतो. आपल्याकडील जुन्या ‘दिव्या’ची आठवण व्हावी असा तो प्रकार आहे.

तथापि आमच्या मते मालेचे मर्म ‘मंक्स-हुड’ (१९८०) या कादंबरीत आहे. एक वृद्ध जमीनदार आपली जहागीर मठास लिहून देतो आणि मोबदल्यात आमरण निवारा व शिधा मागतो. देवस्थानास जमीन अर्पण करण्याची परंपरा जाणणाऱ्या आमच्या वाचकांस हा व्यवहार परका वाटू नये. पण मठाधिपतीचे अधिकार तहकूब झाल्याने करारावर मोहोर उठत नाही, आणि तेवढ्यात जमीनदार विषाने मरतो. विष असते कॅडफेलच्याच सांधेदुखीच्या तेलातील. ती वनस्पती आपल्या बचनागाच्याच जातीची. संशय सावत्र मुलावर येतो. खरा खुनी निघतो तो जमीनदाराचा वेल्श दासीपासून झालेला पुत्र मेरिग. इंग्रजी कायदा अनौरसास वारसा देत नाही, वेल्श कायदा देतो, आणि जमीन आहे वेल्सच्या हद्दीत! हद्दीची एक रेघ माणसाचे भवितव्य कसे फिरविते, हे सीमाभागातील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याचा खून केला त्याचा वारसा खुन्यास मिळत नाही, हे तत्त्व कॅडफेल वेल्श न्यायसभेत पुढे करतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २५ व्या कलमातही तेच तत्त्व आहे.

यानंतर मात्र कॅडफेल मेरिगला राजाच्या हवाली करीत नाही. लेखी कबुली देऊन निरपराध मुलास मोकळे करावे आणि उरलेले आयुष्य सत्कर्मात घालवावे, असे प्रायश्चित्त सांगून तो त्यास जाऊ देतो. येथे आमच्यातील वकील अस्वस्थ होतो. क्षमेचा अधिकार या मठवाशास धर्माने दिला नाही, राजानेही दिला नाही. मग तो कोठून आला? प्रत्येक सज्जन आपल्या अंतःकरणाचे न्यायासन मांडू लागला, तर दुर्जनही तोच दाखला देतील. परंतु ज्या राजाने हरलेल्या शिबंदीस सरसकट लटकविले, त्याच्या हाती हा तरुण द्यावा काय, असे लेखिका आम्हांस विचारते, आणि त्यावर सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. निरपराधावरील किटाळ आधी दूर करविणे, ही कॅडफेलने पाळलेली मर्यादा आम्हांस मोलाची वाटते. तिच्याविना त्याची दया हा केवळ अन्याय ठरला असता.

दोष नाहीत असे नाही. कथेगणिक एखादे प्रेमी युगुल जुळतेच, आणि कॅडफेलचे औदार्य पुष्कळदा बाराव्यापेक्षा विसाव्या शतकाचे वाटते. तरीही शेवटच्या कादंबरीत लेखिकेने हिशेब पुरा केला आहे. कैदेत पडलेल्या पुत्रासाठी कॅडफेल मिळालेल्या परवानगीची मर्यादा ओलांडतो, मठाचा नियम मोडतो आणि परत येऊन स्वतःस शिक्षेसाठी मठाधिपतीपुढे उभा करतो. दुसऱ्यास क्षमा करणाऱ्याने स्वतःचा अपराध मात्र अधिकाऱ्यापुढे मांडावा, ही गोष्ट आमच्या आक्षेपाची धार बरीच कमी करते. वाचकांनी ‘मंक्स-हुड’पासून आरंभ करावा आणि आपला निवाडा आपणच द्यावा.