पेटीची साथ आणि अनुकरणाची प्रेरणा : दक्षिण कोकणासंबंधी एक विचार

एखादे वाद्य एखाद्या प्रदेशात कसे रुजते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा थोर वादकांच्या नामावळीने दिले जाते. थोर वादक उदयास येतो, श्रोते भारावतात आणि त्यांपैकी काही जण ते वाद्य हाती घेतात, असा हा कार्यकारणभाव आहे. तो सोयीचा आहे, परंतु पुरेसा नाही. भारावणे आणि हाती घेणे या दोन भिन्न क्रिया होत. पहिलीतून दुसरी उद्भवतेच असे नाही. किंबहुना अत्यंत भारावलेला श्रोता ‘हे आपले काम नव्हे’ अशा निर्णयाप्रत येऊन वाद्यापासून कायमचा दूर राहतो, असेही घडते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पेटीवादनाची परंपरा या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हा भेद गिटारच्या इतिहासातही आढळतो. स्पेनचे आंद्रेस सेगोविया (१८९३–१९८७) यांनी गिटारला मैफलीच्या व्यासपीठावर प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्यापासून स्फूर्ती घेणारे वादकही पुष्कळ झाले. तथापि १९५६ च्या सुमारास ब्रिटनमधील शाळकरी मुलांनी मोठ्या संख्येने गिटार हाती घेतली, ती लॉनी डोनेगन याच्या ‘रॉक आयलंड लाइन’ या ध्वनिमुद्रिकेमुळे. तिच्यातील साथ मोजक्या स्वरसंघातांत सामावणारी होती. ऐकणाऱ्यास ती अवघड वाटत नसे. लिव्हरपूलमध्ये जॉन लेनन याने मित्रांसह पहिला वाद्यवृंद उभारला तो याच लाटेत. सेगोवियांनी वाद्याला मान मिळवून दिला, तर डोनेगनने त्याला हात मिळवून दिले.

मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागात पेटी सर्वसामान्यांच्या कानी पडते ती मुख्यतः दोन ठिकाणी: दशावतारात आणि भजनात. दोन्हीकडे ती साथीचे वाद्य आहे. दशावतारातील संवाद लिहिलेले नसतात. आख्यानाचा सांगाडा ठरलेला असतो आणि भाषण रंगभूमीवर घडत जाते. संवाद रंगात येताच नट आपल्या पट्टीत पद उचलतो आणि पेटीवाल्याला तत्क्षणी त्याचा सूर पकडावा लागतो. त्याच्यासमोर संहिता नसते. वाक्याचा उतार, नटाचा श्वास आणि पवित्रा यांवरून पद केव्हा येणार हे त्याला ओळखावे लागते. हे कौशल्य स्वरज्ञानाइतकेच भाषाज्ञानाचेही आहे.

भजनात तर गाणारा बुवा स्वतःच पेटी वाजवतो. गणेशचतुर्थीच्या दिवसांत वाडीतील मंडळी घरोघर भजनास जातात. तेथे व्यासपीठ आणि प्रेक्षागृह असा भेद नसतो. पेटीच्या अगदी जवळ बसलेल्या मुलाला बुवाचा एक हात पट्ट्यांवर आणि दुसरा भात्यावर कसा चालतो, हे डोळ्यांनी दिसते. अभंगाची चाल त्याला पाठ असते. बोटे त्या चालीच्या मागे कोठे जातात, एवढेच त्याला नवे असते. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर येतात आणि एकाच रात्री दोन हातांची तुलना श्रोत्यांना करता येते. प्रेरणेची खरी जागा ही आहे. येथे थोरवीपेक्षा सान्निध्याचे मोल अधिक आहे.

याचा अर्थ एकल वादनाची परंपरा गौण होती असा नव्हे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी पेटीला ख्यालगायकीच्या अंगाने वाजवून तिची योग्यता सिद्ध केली. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ला चाली देणारे टेंबे नाट्यसंगीताचेही शिल्पकार होते. पुढे पी. मधुकर आणि त्यांचे शिष्य, गोमंतकातील बोरी येथे जन्मलेले तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८), यांनी हे वादन विकसित केले. नावांच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट जाणवेल. पी. मधुकर म्हणजे मधुकर पेडणेकर. पेडणे तेरेखोल नदीच्या पलीकडे आहे. पुरुषोत्तम वालावलकर यांच्या आडनावातील वालावल कुडाळ तालुक्यात आहे. आडनाव हा जन्मस्थळाचा पुरावा नव्हे. तरीही पेटीवादकांच्या यादीत या किनारपट्टीची ग्रामनामे यावीत, हे लक्षणीय आहे. गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) यांची कीर्ती तर मुख्यतः साथीदार म्हणूनच झाली. मैफल दुसऱ्याची असतानाही श्रोत्यांचा कान पेटीकडे वळावा, हा त्यांच्या साथीचा विशेष होता.

पेटीवरील प्रसिद्ध आक्षेप येथे विचारात घेणे अवश्य आहे. तिचे स्वर स्थिर आहेत, तिला मींड घेता येत नाही, तिची स्वरांतरे आपल्या रागसंगीताशी जुळत नाहीत, असे आक्षेपक म्हणतात. १ मार्च १९४० पासून नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती अंशतः शिथिल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. नादशास्त्राच्या दृष्टीने आक्षेपात तथ्य आहे, आणि ते दूर करण्याचे प्रयत्नही झाले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी श्रुतिपेटी सिद्ध केली. शास्त्रदृष्ट्या अधिक निर्दोष असलेली ती पेटी लोकांत रुजली नाही. सदोष पेटी मात्र वाडीवाडीत पोहोचली. याचे कारण लोकांच्या कानांच्या अडाणीपणात शोधणे अन्यायाचे होईल. ज्याला आक्षेपक दोष म्हणतात ते स्वरांचे स्थैर्यच नवशिक्याच्या उपयोगी पडते. सारंगीवर प्रथम सूर शोधावा लागतो. पेटीवर तो तयार मिळतो. शिकणाऱ्याची पहिली पायरीच त्यामुळे सुकर होते. वाद्याची अभिव्यक्तिक्षमता आणि त्याची प्रसारक्षमता ही दोन स्वतंत्र मूल्ये आहेत. पहिल्याच्या मापाने दुसरे मोजण्याची चूक बंदीच्या पुरस्कर्त्यांनी केली.

मराठीतील संगीतविषयक शब्दप्रयोग याच विचाराला पुष्टी देतात. गाण्यातील वैशिष्ट्यपूर्ण स्वरवाक्याला आपण ‘जागा’ म्हणतो आणि दुसऱ्याची जागा आपलीशी करण्याला ‘जागा उचलणे’. ‘उचलणे’ या क्रियापदाला चोरीची छटा आहे. ‘उचलेगिरी’ हा शब्द त्याचा साक्षी आहे. परंतु संगीताच्या संदर्भात ती छटा मावळते आणि ग्रहणशक्तीची प्रशंसा उरते. अभ्यासाने कौशल्य अंगी आले की ‘हात बसला’ असे म्हणतात. मालवणीत ‘हात बसलो’. येथे कर्ता शिकणारा नसून हात आहे. आणि ‘साथ’ हा शब्द तर वादनापेक्षा सोबतीचाच वाचक आहे. या तिन्ही प्रयोगांत शिकणे हे कोणाच्या तरी जवळ राहून, ऐकून, नकळत घडणारे कर्म मानले आहे. मातृभाषा अशीच आत्मसात होते. मूल बोलू लागते ते वक्तृत्व ऐकून नव्हे, तर आपल्याशी आणि आपल्यासमोर बोलणाऱ्यांच्या सहवासात. बुवांची पेटी हे त्या मुलाच्या दृष्टीने घरातले बोलणे आहे. टेंब्यांची पेटी हे साहित्य आहे. साहित्याने भाषेची उंची कळते, पण भाषा जिवंत राहते ती घरातल्या बोलण्याने.

या उपपत्तीची मर्यादाही नोंदली पाहिजे. केवळ अनुकरणावर पोसलेली परंपरा चाकोरीत अडकण्याचा धोका असतो. चित्रपटगीतांच्या चालींवर रचलेल्या भजनांत तो दिसतो; उचललेली जागा तेथे अनेकदा उचललेलीच राहते. अशा वेळी एकल वादनातील श्रेष्ठ आदर्शांची गरज भासते. म्हणजेच दोन्ही परंपरांचे कार्य भिन्न आणि परस्परपूरक आहे. एक हात पुढे करावयास लावते, तर दुसरी पुढे आलेल्या हाताला दिशा देते.

समीक्षेने मात्र या दोहोंपैकी एकीचीच दखल घेतली. दशावतारावरील लेखनात आख्याने, सोंगे आणि नट यांना जे स्थान मिळते ते पेटीवाल्याला मिळत नाही. पेटीच्या इतिहासात एकल वादकांची नावे येतात. ज्यांच्या शेजारी बसून शेकडो हात बसले ते बुवा क्वचितच येतात. ज्याचे वादन ध्वनिमुद्रित झाले नाही त्याचे कर्तृत्व त्याच्या शिष्यांच्या बोटांत उरते, आणि ती बोटे थकली की तेही संपते. म्हणून कोणी कोणाची कोणती जागा उचलली, याची गावोगाव नोंद करणे हे भाषा आणि संगीत या दोन्ही विषयांच्या संशोधकांचे कर्तव्य ठरते. बोलीच्या सर्वेक्षणात वृद्ध निवेदकाला जे महत्त्व असते, तेच येथे जुन्या पेटीवाल्याला द्यावे लागेल.