सहा सेकंद गुणिले दहा

जन्मल्यावर बाळ रडलं नाही, तर पुढचं बरंचसं एका आकड्यावर ठरतं. बाळ श्वास घेत नसेल किंवा हृदयाचे ठोके मिनिटाला 100 च्या खाली असतील, तर मास्कने श्वास द्यायचा. छाती वर उचलली जाईल असा श्वास 30 सेकंद देऊनही ठोके 60 च्या खालीच राहिले, तर छाती दाबायची.

हा आकडा आपण मिळवतो कसा? स्टेथोस्कोप लावून सहा सेकंद ठोके मोजायचे आणि दहाने गुणायचं. आम्हीही वर्षानुवर्षं हेच शिकवत आलो. पण गुणाकारात चूकही दहापट होते ना! पाच ठोके ऐकले तर 50, सात ऐकले तर 70. दोन ठोके इकडेतिकडे झाले की उपचारच बदलला. नाळेच्या मुळाशी बोटांनी नाडी बघणं तर त्याहून बेभरवशाचं. 2006 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ईसीजीशी ताडून पाहिलं, तेव्हा स्टेथोस्कोपने सरासरी 14 आणि बोटांनी 21 ठोके कमी भरले.

2015 मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ईसीजीची बाजू घेतली, ती यासाठीच. पल्स ऑक्सिमीटरला भरवशाचा आकडा द्यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, ईसीजी त्याआधी देतो. इथवर आमची तक्रार नाही. पण ईसीजी मोजतो तो विद्युत संदेश. हृदय रक्त ढकलतंय की नाही, हे त्याला कळत नाही. पडद्यावर आकडा आहे आणि बाळाला नाडीच नाही, अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत. शिवाय ईसीजीमुळे जास्त बाळं वाचतात, असा भक्कम पुरावा अजून हाती नाही.

आणि पट्ट्या चिकटवणार कोण? (मागे काही सिस्टर हसतायत, त्यांना कळलं.) छोट्या प्रसूतिगृहात रात्री एकच सिस्टर, आईकडेही तिनेच बघायचं. ओल्या, बुळबुळीत अंगावर पट्टी बसत नाही. ती बसवण्यात तिचे हात गुंतले की तेवढा वेळ बाळाला श्वास मिळत नाही.

खरं तर जन्मतः ठोके मंदावतात ते बहुतेक वेळा हृदय बिघडलं म्हणून नव्हे, फुप्फुसात हवा गेली नाही म्हणून. म्हणजे ठोके ही आपल्या श्वास देण्याची परीक्षा आहे. चढले, तर हवा पोचतेय. नाही चढले, तर पहिला संशय मास्कवर घ्यायचा: कडेने हवा सुटतेय का, मान नीट आहे का. आम्ही शिकवताना आकडा घोकून घेतला आणि हे मात्र घाईत उरकलं, हा दोष आमचाच.

म्हणून मोठ्या रुग्णालयांत ईसीजी जरूर लावा, पण स्टेथोस्कोप बाजूला ठेवू नका. मदतीला दुसरं कुणी असेल, तर त्याने ऐकता ऐकता बोटाने ठोका धरावा. मास्क धरणाऱ्याला वेग समोर दिसतो, गुणाकार लागत नाही. आणि सिस्टर एकटी असेल तर? 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ या प्रशिक्षणात एक साधी खूण सांगितली आहे: बाळाचे ठोके तुमच्या स्वतःच्या नाडीपेक्षा जलद आहेत का, एवढंच बघा.