सायप्रसचा एक युरो

सायप्रसचं एक युरोचं नाणं तळहातावर घेतलं की आधी आकड्याची बाजू पाहावी. डावीकडे ठसठशीत 1, उजवीकडे युरोपचा नकाशा, कडेला बारा तारे. ल्युक ल्युइक्स या बेल्जियन कलाकाराची ही रचना. आता ग्रीसच्या क्रीट बेटाच्या पूर्वेला, अगदी लगत, एक इवलासा उंचवटा शोधावा. तो सायप्रस.

खरा सायप्रस तिथे नाहीच. तो आणखी कितीतरी पूर्वेला, तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जेमतेम 70 किलोमीटरवर आहे. सीरिया नि लेबनॉन शेजारी, अथेन्स लांब. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीत तो पश्चिम आशियात मोडतो. पण बहुसंख्यांची भाषा ग्रीक, धर्मपंथ ऑर्थोडॉक्स, आणि 2004 पासून देश युरोपीय संघात. नाण्यावरच्या नकाशात अनातोलियाला, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागाला, जागा नाही, त्यामुळे त्याच्या खालचं हे बेट खऱ्या ठिकाणी मावेना. मग बेटच उचलून पश्चिमेला ठेवलं! शाळेत असा नकाशा काढला असता तर गुण गेले असते. इथे मात्र या चुकीतच सारी गोष्ट आहे: देश कुठे आहे आणि तो कुणातला आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं जुळली नाहीत, तेव्हा भूगोलाने माघार घेतली.

नाणं उलटावं. इथे पोमोस गावची मूर्ती, दोन्ही हात आडवे पसरलेली. क्रुसासारखी दिसते, पण ती ख्रिस्ताच्या सुमारे 3,000 वर्षं आधीची. मूळ मूर्तीच्या गळ्यातलं पदक निरखलं तर तीही अशीच हात पसरलेली छोटी मूर्ती निघते. हिच्या काळात ग्रीक नव्हते, तुर्क नव्हते, युरोपही नव्हता. शेजारी बेटाचं नाव दोनदा कोरलंय, ग्रीकमध्ये ‘कीप्रोस’ आणि तुर्कीत ‘किब्रिस’. 1974 पासून बेट दुभंगलेलं आहे. उत्तरेकडच्या तुर्की प्रशासनाचं अधिकृत चलन लिरा. म्हणजे ‘किब्रिस’ म्हणणाऱ्यांचं नाव नाण्यावर आहे, पण त्यांच्या बाजूचं चलन वेगळं.

मधल्या रुपेरी चकतीत तांबं आहे. तांब्याचं लॅटिन नाव ‘क्युप्रम’ याच बेटावरून पडलं.

युरोपातून परतलेल्या कुणी उरलेली चिल्लर दाखवली, तर 2008 किंवा त्यानंतरचा एक युरो भिंगाखाली धरा. नाणं कुठल्याही देशाचं असो, सायप्रस त्यावर क्रीटशेजारीच सापडेल.