शिट्टीनंतर काय?

राजगुरुनगरहून नाशिक रस्त्यानं निघालं की मंचरच्या पुढं नारायणगाव लागतं. तमाशाची पंढरी. जत्रांच्या हंगामात इथं फडांच्या राहुट्या पडतात. खेड, आंबेगाव, जुन्नरचे गावकारभारी येऊन सुपारी देऊन जातात. आपल्या भागातल्या माणसाला संगीत नाटक माहीत झालं ते या राहुट्यांतून. तेव्हा प्रश्न इथंच विचारू : तमाशानं आपल्या शौकिनाचं आयुष्य बदललं का?

एका रात्रीपुरतं बदललं. वगात सोंगाड्या राजाची टर उडवतो, सावकाराला नागवा करतो आणि खाली बसलेला पाटीलसुद्धा पोट धरून हसतो. उजाडलं की सोंगाड्या परत मांगवाड्यात. टाळी कलेला, विटाळ माणसाला. हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालला.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर घ्या. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पदक. खेळ चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली बाई. २००२ साली गेली ती हलाखीत. पब्लिकला तिच्याकडून सगळं मिळालं, तिला पब्लिककडून दौलतजादा. चाहता बदलला असता तर तिचं म्हातारपण असं गेलं असतं?

आता जलसा. सत्यशोधकांनी वाट पाडली होतीच. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तोच तमाशाचा साचा घेतला, शृंगार काढला, वगात पाणवठा आणला, मेलेलं मांस आणलं, शाळा आणली. अक्षरशत्रू माणसाच्या डोक्यावरून जाणारं भाषण गाण्यातून त्याच्या झोपडीत शिरलं. इथं ऐकणारा घरी गेला तो विचार घेऊन.

पण मित्रहो, जलशानं लावणी बाहेर काढली तेव्हा लावणीवाली बाईही बाहेर राहिली. बाईचं काम पुरुषच करू लागले. तिच्या पोटाचं काय, हे कुणी विचारलं? आपला कार्यकर्ता आजही तमाशाचं नाव निघालं की मान खाली घालतो. ही लाज आपण कुणाकडून उसनी आणली?

२०१२ सालचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' मला म्हणून मोलाचं वाटतं. संकल्पना आणि संगीत संभाजी भगतांचं, लेखन राजकुमार तांगडेंचं, दिग्दर्शन नंदू माधवांचं. करणारी पोरं जालन्याकडची. शिवाजीची पगडी घेऊन यम डोकं शोधत फिरतो. सोंगाड्याचं हसू आणि जलशाचा टोला, दोन्ही एकाच खेळात. हसता हसता बघणारा आपलंच डोकं चाचपतो.

चाकणला शिफ्ट करणारी आपली पोरं १४ एप्रिलला डीजेपुढं नाचतात. नाचू देत. पण वर्गणीतले थोडे पैसे बाजूला काढा. राहुटीतल्या बाईला बिदागी नव्हे, मानधन द्या, शेजारी खुर्ची द्या आणि कंत्राटी कामगाराचा वग तिच्यासोबत बसवा. शिट्टी मारणारा त्या रात्री काय घेऊन घरी जातो ते बघू.