अंगावर काढलेले दुखणे : मातृआरोग्यविषयक संशोधनातील श्रोणितलाच्या विकारांचे स्थान – एक चिकित्सा

सारांश

महाराष्ट्रातील मातृआरोग्याचा विचार प्रामुख्याने मातामृत्यूच्या आकड्यांभोवती फिरत राहिला. ज्या दुखण्याने स्त्री मरत नाही, परंतु जे तिला आयुष्यभर सोडतही नाही, ते दुखणे या विचारात मागे पडले. ‘अंग बाहेर येणे’ व त्यासारखे श्रोणितलाचे विकार हे त्याचे ठळक उदाहरण होय. गडचिरोली येथील दोन महत्त्वाच्या अभ्यासांची या दृष्टीने चिकित्सा करणे आणि मातृआरोग्याची कालमर्यादा पुन्हा तपासण्याची गरज मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बीजशब्द : मातृआरोग्य, श्रोणितल, अंग बाहेर येणे, गडचिरोली अभ्यास, गर्भाशय काढणे, भोर-वेल्हे.

प्रस्तावना

पुणे-सातारा महामार्गावरील शिवरे हे भोर तालुक्यातील गाव. येथून पुणे शहर फार दूर नाही. याउलट पश्चिमेस वेल्हे (राजगड) तालुक्यातील डोंगरउतारावरच्या वाड्यावस्त्यांची स्थिती आहे. तेथे घाटवाट, पाऊस आणि भातखाचरे ओलांडूनच दवाखाना गाठावा लागतो. या दोन्ही ठिकाणी गेल्या दोन दशकांत प्रसूतीची व्यवस्था बदलली. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली आणि दवाखान्यातील बाळंतपण ही रूढ गोष्ट झाली. राज्याचे मातामृत्यूचे प्रमाण २००१-०३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ होते; ते २०१८-२० मध्ये ३३ पर्यंत खाली आले. ही कामगिरी निःसंशय मोठी आहे.

परंतु याच रस्त्याने, याच वाहनाने ‘अंग बाहेर आले’ म्हणून कोणी स्त्री दवाखान्यात नेली जात नाही. १०८ क्रमांक फिरवण्याइतके ते दुखणे तातडीचे मानले जात नाही, आणि वाट पाहता येते म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहिली जाते. तेव्हा प्रश्न केवळ अंतराचा नाही. कोणते दुखणे ‘मातेचे दुखणे’ म्हणून मोजायचे, याविषयीच्या आपल्या धारणेचा आहे.

विकाराचे स्वरूप व लोकभाषा

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा व बंधांचा झोळीसारखा पट असतो. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना तो तोलून धरतो. यालाच श्रोणितल म्हणतात. प्रसूतीच्या वेळी हा पट कमालीचा ताणला जातो. वारंवार बाळंतपणे, लांबलेली प्रसूती, वाढते वय, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि जड ओझी उचलण्याचे काम यांमुळे तो सैल पडण्याचा संभव वाढतो. मग गर्भाशय खाली उतरते, खोकताना-शिंकताना लघवी सुटते, शौचावरचा ताबा जातो, कंबर सतत ओढल्यासारखी दुखते.

भोर-वेल्ह्यातील भातशेतीचे काम डोळ्यांसमोर आणले म्हणजे या यादीचा अर्थ स्पष्ट होतो. राब भाजणे, चिखलात वाकून लावणी करणे, भाऱ्यांची वाहतूक, डोक्यावरचा हंडा आणि सरपणाची मोळी ही सारी कामे ओटीपोटावर भार टाकणारी आहेत. बाळंतिणीने सव्वा महिना विश्रांती घ्यावी, अशी परंपरागत रीत आहे. पण लावणीचा हंगाम सव्वा महिना थांबत नाही. ज्या घरात दुसरी बाई कामाला नाही, तेथे ही रीत सर्वप्रथम मोडते.

या दुखण्याला लोकभाषेत नाव नाही असे नाही. ‘अंग बाहेर येणे’, ‘मायांग येणे’, ‘पिशवी उतरणे’ हे शब्दप्रयोग बायकांच्या बोलण्यात आहेत. मात्र ते बायकांच्याच बोलण्यात आहेत. पुरुषासमोर, डॉक्टरसमोर, सर्वेक्षकासमोर ते उच्चारले जात नाहीत. मराठीत सहन करण्याच्या क्रियेला ‘दुखणे अंगावर काढणे’ म्हणतात, आणि सवयीच्या झालेल्या गोष्टीला ‘अंगवळणी पडणे’. जे अंगवळणी पडले त्याची तक्रार होत नाही, आणि जिथे तक्रार नाही तिथे नोंदही होत नाही.

गडचिरोलीचा पहिला अभ्यास : एक वळण

या मौनाला पहिला मोठा छेद देणारे संशोधन महाराष्ट्रातच झाले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रार सांगितली. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार असल्याचे आढळले. प्रत्येक स्त्रीमागे आजारांची सरासरी ३.६ होती. पूर्वी कधीतरी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

या अभ्यासाचे मोल ९२ या आकड्यापेक्षा ५५ आणि ९२ यांमधील अंतरात अधिक आहे. ‘काही त्रास आहे का?’ या प्रश्नाला मिळालेले ‘नाही’ हे उत्तर आरोग्याचा पुरावा नसते, हे त्या अंतराने सिद्ध केले. केवळ प्रश्नावलीवर विसंबणाऱ्या सर्वेक्षणांना हे मोठेच आव्हान होते. पुढे डॉ. राणी बंग यांनी ‘कानोसा’ या मराठी पुस्तकाच्या रूपाने याच स्त्रियांच्या शरीरविषयक समजुती वाचकांपुढे आणल्या. तपासणी आणि ऐकणे या दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक आहेत, हा त्या कार्याचा संदेश होय.

तथापि या अभ्यासाच्या मर्यादाही नोंदवणे क्रमप्राप्त ठरते. गावे दोनच होती आणि पात्र असलेल्या सर्व स्त्रिया तपासणीस आल्या नव्हत्या. त्यामुळे ९२ टक्के हा आकडा सबंध ग्रामीण भारतासाठी जसाच्या तसा वापरणे योग्य नाही. पुढील लेखनात व भाषणांत तो अनेकदा तसा वापरला गेला, हा दोष अभ्यासकांचा नसून वापरणाऱ्यांचा आहे. दुसरी मर्यादा आशयाची आहे. आढळलेल्या आजारांपैकी सुमारे निम्मा वाटा जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता, आणि धोरणकर्त्यांचे लक्ष तिकडेच गेले. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर, एड्सच्या भीतीच्या छायेत, १९९७ चा प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम आला. त्यात जननमार्गाच्या संसर्गाला स्थान मिळाले. संसर्गावर गोळी देता येते, गोळ्यांचा हिशेब ठेवता येतो. सैल पडलेल्या स्नायूंवर अशी गोळी नाही. त्यासाठी विश्रांती, व्यायाम, वेळ आणि कुशल हात लागतात. ज्याचा पुरवठा करता येईल तेच दुखणे कार्यक्रमात शिरले, असे म्हणावे लागते.

दुसरा अभ्यास व काळाची चौकट

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गडचिरोलीच्याच दुसऱ्या अभ्यासात ७७२ स्त्रियांचे प्रसूतीच्या वेळी व त्यानंतर २८ दिवसांपर्यंत घरी जाऊन निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी ५२.६ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता आजार झाला. प्रसूतीकाळातील आजारांपेक्षा प्रसूतीनंतरच्या आजारांचे प्रमाण पुष्कळ अधिक होते. बाळ जन्मले म्हणजे बाई सुटली, या समजाला त्यामुळे तडा गेला.

पण येथेच काळाच्या चौकटीचा प्रश्न उभा राहतो. या अभ्यासाची मर्यादा २८ दिवसांची होती. मातामृत्यूच्या व्याख्येत गर्भारपण संपल्यानंतरचे ४२ दिवस धरले जातात. आशा कार्यकर्तीच्या नवजात-संगोपनाच्या गृहभेटीही ४२ व्या दिवशी संपतात, आणि त्यांचा मुख्य रोख नवजात बाळावर असतो. श्रोणितलाची इजा मात्र प्रसूतीच्या दिवशी होते आणि तिचे फळ पुष्कळदा दहा-वीस वर्षांनी दिसते. तोवर ती स्त्री कोणत्याही नोंदवहीत ‘माता’ राहिलेली नसते. बाळंतपणामुळे झालेला आजार बाळंतपणाच्या खात्यातून असा निसटतो. हा कोणा एका संशोधकाचा दोष नव्हे. ‘माता’ या संज्ञेला आपण दिलेल्या मुदतीचा हा परिणाम आहे.

मापनाच्या बाबतीतही हेच दिसते. १९९६ मध्ये श्रोणितलाचे अवयव किती उतरले हे सेंटिमीटरमध्ये मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत निश्चित झाली. संशोधनातील एकवाक्यतेसाठी ती आवश्यकच होती. परंतु उतरण्याचे माप आणि स्त्रीला होणारा त्रास यांचा मेळ नेहमी बसत नाही. खाचरात दिवसभर वाकता येते का, बाजारला एस.टी.ने जाताना लघवी आवरते का, नवऱ्याजवळ जाण्याची भीती वाटते का, हे प्रश्न त्या मोजपट्टीवर येत नाहीत.

मौन ते शस्त्रक्रिया : मधली पायरी कोठे आहे?

या विषयातील एक विसंगती महाराष्ट्रापुरती विशेष आहे. गर्भाशय न काढता ते पट्टीच्या आधाराने वर बांधण्याच्या शस्त्रक्रिया ज्यांच्या नावांनी ओळखल्या जातात, ते डॉ. वि. ना. शिरोडकर व डॉ. पुरंदरे हे मुंबईचेच. तरुण स्त्रीचे गर्भाशय वाचवावे, हा विचार या शस्त्रक्रियांमागे होता. त्याच राज्यात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या माहितीनुसार ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली होती.

या सर्व शस्त्रक्रिया अंग बाहेर आल्यामुळे झाल्या, असे म्हणता येणार नाही. पांढरे जाणे, पाळीचा त्रास, कर्करोगाची दाखवलेली भीती आणि खाडा पडल्यास कापली जाणारी मजुरी, अशी कारणे त्यामागे होती. तरीही रचना तीच आहे. दुखणे प्रथम वर्षानुवर्षे अंगावर काढायचे आणि असह्य झाले की ‘पिशवी काढायची’. या दोन टोकांमध्ये तपासणी, स्नायूंचे व्यायाम, आधाराची रिंग, विश्रांती आणि गर्भाशय राखणारी शस्त्रक्रिया अशा ज्या पायऱ्या आहेत, त्या गावपातळीवर जवळजवळ नाहीतच. शिवाय गर्भाशय काढल्याने श्रोणितलाचा प्रश्न मिटतोच असे नाही. योनिमार्गाचा वरचा भाग पुढे उतरू शकतो. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी राज्यांना दिले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण शस्त्रक्रिया रोखणे म्हणजे उपचार देणे नव्हे.

शेजारच्या नेपाळचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये गर्भाशय उतरण्याच्या विकाराची व्यापकता हे स्त्रियांच्या प्रजनन-हक्काचे उल्लंघन असल्याचे मानले. मोफत शस्त्रक्रियांची मोहीमही झाली. परंतु बालविवाह, बाळंतिणीला न मिळणारी विश्रांती आणि ओझ्याचे काम ही मूळ कारणे दूर झाल्याशिवाय नव्या रुग्णांची भर थांबत नाही, ही टीकाही तेथेच झाली. हा धडा मावळातील स्त्रियांनाही तंतोतंत लागू पडतो.

निष्कर्ष

गडचिरोलीच्या संशोधनाने बाईच्या ‘नाही’ या उत्तरामागे पाहण्यास शिकवले. ते शिक्षण जंतुसंसर्गापाशी आणि बेचाळिसाव्या दिवसापाशी थांबले, ही प्रस्तुत लेखाची मुख्य तक्रार आहे. मातृआरोग्याच्या अभ्यासात बाळंतपणानंतरच्या अनेक वर्षांचा समावेश व्हावा. प्रश्नावली बायकांच्या बोलीत, बायकांनी विचारलेली असावी आणि तिच्यामागे खाजगी तपासणीची सोय असावी. आणि जेथे तपासणी होईल तेथे पुढच्या उपचाराची हमीही असावी. उपचार नसताना केवळ मोजणी करणे हा त्या स्त्रियांवर आणखी एक भार होईल.

मातामृत्यूचे प्रमाण ३३ पर्यंत खाली आले, याचा अर्थ बाळंतपणातून वाचलेल्या स्त्रियांची संख्या वाढली. त्या वाचल्या, एवढ्यावर मातृआरोग्याची जबाबदारी संपत नाही. त्या पुढे कशा जगतात, चालतात, बसतात आणि कामाला वाकतात, हे विचारणे हा त्या जबाबदारीचा उरलेला भाग आहे.