अर्धें वाचलेलें वाक्य

कायद्याचें पुस्तक हा टीकाकाराचा विषय नव्हे, असें सामान्यतः समजलें जातें. काव्य, नाटक, कादंबरी यांचे गुणदोष त्यानें दाखवावे आणि कलमांचा अर्थ वकिलांवर सोंपवावा, अशी वांटणी आपल्याकडे रूढ झालेली आहे. परंतु एखादें वाक्य असें असतें कीं, त्याच्या अन्वयावर हजारों माणसांचें जगणें-मरणें अवलंबून राहतें. आणि अन्वय लावणें हें तर आम्हां भाषा शिकविणारांचें रोजचेंच काम. अमेरिकेच्या संविधानाची दुसरी दुरुस्ती हें असें एक वाक्य आहे. शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयींचा तेथील वाद याच वाक्याभोंवतीं फिरत असतो. म्हणून त्या वादाकडे पक्षाभिमानाच्या नव्हे, तर वाचनाच्या दृष्टीनें पाहावें, असें आम्हीं योजिलें आहे.

मूळ इंग्रजी वाक्य अवघ्या २७ शब्दांचें आहे. १७८९ सालीं तेथील काँग्रेसनें तें संमत केलें आणि १५ डिसेंबर १७९१ रोजीं तें संविधानाचा भाग झालें. त्याचा आशय असा: सुव्यवस्थित लोकसेना ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेस आवश्यक असल्यामुळें, शस्त्रें ठेवण्याचा व धारण करण्याचा लोकांचा हक्क भंगला जाऊं नये. लोकसेना म्हणजे खडी फौज नव्हे. प्रसंग पडतांच नांगर सोडून बंदूक हातीं घेणारे गांवोगांवचे नागरिक, असा त्या काळीं तिचा अर्थ होता. येथें ‘असल्यामुळें’ असें लिहितांना आम्हीं एक पक्ष स्वीकारला आहे, हें कबूल केलें पाहिजे; कारण मुळांत हेतु दाखविणारा स्वतंत्र शब्द नाहीं. आपल्या संस्कृतांतील सतिसप्तमीसारखी ती रचना आहे. ‘सूर्य उगवला असतां लोक कामास लागले’ या वाक्यांत सूर्योदय हें कामाचें निमित्त कीं केवळ कामाची वेळ, हें वाचणारास ठरवावें लागतें. अमेरिकेंतला सारा झगडा या एका ‘असतां’मध्यें दडलेला आहे.

वॉशिंग्टन शहरांत पिस्तूल बाळगण्यास जवळजवळ पूर्ण बंदी होती. ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं ती बंदी पांच विरुद्ध चार मतांनीं रद्द केली. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ति अँटोनिन स्कालिया यांचें म्हणणें असें कीं, लोकसेनेचा पूर्वार्ध ही प्रस्तावना होय. ती हेतु सांगते, पण उत्तरार्धांतील हक्कास मर्यादा घालीत नाहीं. हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे आणि आत्मसंरक्षण हा त्याचा गाभा आहे. उलटपक्षीं न्यायमूर्ति जॉन पॉल स्टीव्हन्स यांनीं आपल्या भिन्नमतांत म्हटलें कीं, प्रस्तावनाच वाक्याचा रोंख ठरविते, आणि शस्त्र ‘धारण करणें’ हा प्रयोग लष्करी परिभाषेंतला आहे. कांहीं भाषाशास्त्रज्ञांनीही न्यायालयापुढें निवेदन करून, या रचनेंतील पूर्वार्ध कारणवाचकच आहे, असें प्रतिपादन केलें होतें.

हा वाद आपल्या मीमांसकांस मुळींच नवा वाटला नसता. लोकमान्यांनीं ‘गीतारहस्या’च्या आरंभीं ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्याच्या मीमांसकांच्या कसोट्या सांगितल्या आहेत, त्यामुळें मराठी वाचकास हें शास्त्र अगदींच परकें नाहीं. मीमांसेंतील एक प्रसिद्ध अधिकरण असें आहे: सुपानें होम करावा, कारण सुपाच्या योगें अन्न सिद्ध होतें, असें वचन आहे. पूर्वपक्षी विचारतो, कारण जर हें असेल, तर ज्या पळीनें वा भांड्यानें अन्न शिजतें त्यानेंही होम कां करूं नये? सिद्धांत असा कीं, तें वाक्य सुपाची स्तुति आहे, अर्थवाद आहे. त्याच्या बळावर विधि वाढवितां येत नाहीं. दुसऱ्या एका अधिकरणांत माखलेले खडे वेदींत ठेवावे असा विधि आहे. पण कशानें माखलेले, हें सांगितलेलें नाहीं. पुढेंच घृताची स्तुति येते. तेव्हां तुपानेंच माखावे असा निर्णय होतो. कारण विधि संदिग्ध असेल तेथें उरलेल्या वाक्यानें संदेह फेडावा.

हीं दोन अधिकरणें जवळजवळ ठेवलीं म्हणजे स्कालिया यांच्या निकालाचें बळ व उणीव दोन्ही दिसतात. प्रस्तावनेनें विधि बदलत नाहीं, हें त्यांचें म्हणणें पहिल्या अधिकरणास धरून आहे. दुसरा नियमही त्यांनीं नाकारलेला नाहीं. उत्तरार्ध संदिग्ध असेल तर प्रस्तावनेची मदत घेतां येईल, हें ते स्पष्ट मान्य करतात. परंतु येथें संदेहच नाहीं, असें ठरवून ते पुढें जातात. आमचा मतभेद येथेंच आहे. ज्या शब्दांच्या अर्थावरून नऊ विद्वान न्यायाधीश पांच व चार असे दुभंगले, ते शब्द निःसंदिग्ध होते, असें मानणें आम्हांस जड जातें. शिवाय मीमांसकांनीं कारणवाक्यास गौण ठरविलें, तें विधीचा विस्तार रोखण्यासाठीं. सुपाची जागा भलत्याच भांड्यानें घेऊं नये म्हणून. स्कालिया यांनीं तीच युक्ति हक्काची कुंपणें काढण्यासाठीं वापरली. तथापि त्यांस न्याय देऊन हेंही सांगितलें पाहिजे कीं, हा हक्क अमर्याद नाहीं. गुन्हेगार, मनोरुग्ण, शाळा, सरकारी इमारती यांसंबंधींचे निर्बंध कायम राहतील, असें त्यांनीं त्याच निकालांत लिहून ठेविलें आहे.

पुढें २०२२ सालीं आणखी एक पाऊल पडलें. न्यूयॉर्क राज्यांत घराबाहेर लपवून पिस्तूल नेण्याचा परवाना हवा असल्यास अर्जदारास ‘योग्य कारण’ दाखवावें लागे. २३ जून २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही अट सहा विरुद्ध तीन मतांनीं रद्द केली. म्हणजे वाक्यांतलें कारण २००८ सालीं निष्प्रभ झालें, आणि अर्जांतलें कारण २०२२ सालीं गळालें. त्याआधीं एकच महिना, २४ मे रोजीं, टेक्सासमधील युव्हाल्डी गांवच्या शाळेंत एका अठरा वर्षांच्या तरुणानें १९ मुलें व २ शिक्षिका गोळ्या घालून मारल्या होत्या. त्याची रायफल कायदेशीरपणें विकत घेतलेली होती. आदल्या वर्षीं, १९२१ नव्हे, २०२१ सालीं, त्या देशांत बंदुकीनें ४८,८३० माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. आत्मसंरक्षण हा हक्काचा गाभा मानला, तर हा आंकडा त्या गाभ्यालाच प्रश्न विचारतो. चोरासाठीं उशाशीं ठेवलेलें हत्यार बहुतेक वेळां घरच्याच माणसाच्या विषण्ण घटकेची वाट पाहत असतें. २०२४ सालीं त्याच न्यायालयानें, घरच्या माणसास धोका असल्याचें ठरलेल्या इसमाचें शस्त्र तात्पुरतें काढून घेतां येतें, असा निर्णय आठ विरुद्ध एक मतांनीं दिला. दारांतून घालविलेलें सुरक्षिततेचें कारण असें खिडकींतून परत आलें!

तरीही ‘कारण दाखवा’ म्हणणारा पक्ष निर्दोष आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. न्यूयॉर्कच्या त्याच खटल्यांत गरिबांची बाजू मांडणाऱ्या कांहीं कृष्णवर्णीय वकिलांनीं न्यायालयास कळविलें होतें कीं, परवान्याच्या या अधिकारामुळें तुरुंगांत जातात ते मुख्यतः त्यांचे कृष्णवर्णीय अशील. कारण मागणें ठीक. पण तें मागणारा कोण, आणि तो स्वतःचें कारण सांगतो कीं नाहीं? हा प्रश्न आपणां हिंदी लोकांस तरी कोणी शिकवावयास नको. लिटनच्या कारकीर्दींतील १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें येथील प्रजेस परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची मनाई झाली, आणि युरोपियनांस मात्र मोकळीक राहिली. त्या कायद्याचें खरें कारण प्रजेविषयींचा अविश्वास हें होतें. राष्ट्रीय सभेनें आरंभींच्या अधिवेशनांपासूनच त्याविरुद्ध ठराव केले, ते बंदुकीच्या हौसेनें नव्हे, तर त्या अपमानाच्या जाणिवेनें.

याच अपमानाविषयीं गांधीजींचें एक वाक्य आज अमेरिकेंतील बंदूकवादी मंडळींच्या तोंडीं वारंवार असतें. साऱ्या राष्ट्रास निःशस्त्र करणारा कायदा हें ब्रिटिश राज्याचें सर्वांत काळें कृत्य ठरेल, अशा अर्थाचें तें वाक्य ‘आत्मकथें’त आहे. वाचणारास वाटावें कीं, अहिंसेचा उपासकही घरोघर बंदूक असावी असें म्हणत होता. परंतु तें वाक्य १९१८ सालच्या सैन्यभरतीच्या पत्रकांतलें आहे, आणि त्याचा पुढचा भाग असा कीं, हा कायदा रद्द व्हावा व शस्त्र चालविण्यास शिकावें असें वाटत असेल, तर सरकारच्या संकटकाळीं सैन्यांत भरती व्हावें. म्हणजे तेथेंही शस्त्राचा संबंध शिस्तबद्ध सेनेशीं आणि कर्तव्याशीं जोडलेला आहे. एका वाक्याचा पूर्वार्ध गाळला, दुसऱ्याचा उत्तरार्ध गाळला; दोन्हीकडे गळाली ती जबाबदारी.

आपल्या पुढाऱ्यांनीं मात्र वाक्य पुरें लिहिण्याची काळजी घेतली होती. कराची येथील १९३१ च्या मूलभूत हक्कांच्या ठरावांत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, पण तो त्यासंबंधींच्या नियमांच्या अधीन राहून. पुढें संविधान सभेंत श्री. हरि विष्णु कामत यांनीं हा हक्क संविधानांत घालण्याची सूचना मांडली. डिसेंबर १९४८ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला. स्वतंत्र राज्यांत आग्रह धरावयाचा तो शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा. आणि प्रत्येकानें बाजारांत जाऊन वाटेल तें हत्यार घ्यावें असें झालें तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांच्या म्हणण्याचा मतलब होता. सूचना फेटाळली गेली. ज्यांच्या समाजास पिढ्यान् पिढ्या हत्यारबंद बळजोरी सोसावी लागली, त्यांनीं असें म्हणावें, याला विशेष वजन आहे. आपल्या संविधानांत हक्क आहे तो शांततेनें व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमांत आम्हांस एक गोष्ट मोलाची वाटते. परवाना मागणारानें सबळ कारण दाखवावें, अशी त्यांत तरतूद आहे; आणि परवाना नाकारणाऱ्या अधिकाऱ्यानेंही आपलीं कारणें लेखी नोंदवावीं, अशीही आहे. नाकारलेल्यास अपील करतां येतें. व्यवहारांत वशिला चालतो, निवडणुकांच्या दिवसांत बेकायदा गावठी कट्टे सांपडतात, हें सर्व खरें. पण तो दोष अंमलाचा आहे. दोघांनींही एकमेकांस कारण सांगावें, हें तत्त्व १८७८ च्या कायद्यांत नव्हतें, आणि अमेरिकेंतील आजच्या निकालांतही तें क्षीण झालें आहे.

अमेरिकेनें काय करावें हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. तेथील लोक आपल्या पूर्वजांच्या वाक्यास जपतात, याबद्दल आम्हांस आदरच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जपावयाचें तर तें सबंध जपावें. सत्तावीस शब्दांपैकीं पहिले तेरा लिहितांना त्या पूर्वजांनींही कांहीं विचार केला असेलच. आणि त्या तेरांत ‘सुव्यवस्थित’ व ‘सुरक्षितता’ हे दोन शब्द आहेत. वर्गांत एखादा विद्यार्थी वाक्याचा अर्धाच भाग घेऊन अर्थ सांगूं लागला, तर आम्ही त्यास थांबवितों व पुन्हा आरंभापासून वाचावयास लावितों. युव्हाल्डीच्या शाळेंतलीं तीं मुलें आज असतीं, तर तींही याच वयांत असें वाचावयास शिकलीं असतीं.